जायबंदी शरीर आणि बलोपासना

चिखलदऱ्याचे नाव कीचकावरून पडले असे इकडे सांगतात. विराटाच्या त्या उन्मत्त सेनापतीला भीमाने मारले, त्याचे धूड इथल्या दरीत लोटले, म्हणून हा कीचकदरा. आणि मग जिथे हात धुतले ते भीमकुंड. महाभारतातला कीचक नृत्यशाळेत मरतो, आणि विराटनगरी नेमकी कोठे होती याबद्दल अनेक गावे भांडतात. तो वाद मी पंडितांवर सोपवतो. मला त्या कथेतली एक साधी उणीव सांगायची आहे. एवढे तुंबळ मल्लयुद्ध झाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाचा खांदा दुखला की नाही, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही.

आपल्या बळाच्या साऱ्या कथा अभंग शरीराच्या आहेत. प्रत्यक्ष आयुष्य मात्र तसे नसते. चाळिशी उलटलेल्या शंभर माणसांना एका सभेत बसवा आणि विचारा. कोणाचा गुडघा सायकलवरून पडताना गेलेला असतो, कोणाचा खांदा पोते उचलताना उखळलेला, कोणाच्या कमरेत विहिरीवरच्या रहाटाने कायमची कळ ठेवलेली. हा माणूस तरुणपणी जोर-बैठका काढीत असे. आता तो म्हणतो, "आमचे झाले ते झाले." शरीराने त्याला एका जागी अडवले, आणि त्याने साऱ्या शरीरालाच रजा दिली. अशा माणसाने बळ कमवावे की कमवू नये, आणि कमवायचे तर कसे, या प्रश्नाला इतिहास आहे. तो इतिहास आपल्या या डोंगराच्या आसपासच फिरतो, म्हणून आज तो सांगायला घेतला आहे.

दुखापतीला जुन्या जगाने दोन उत्तरे दिली. एक उत्तर या डोंगरावरचे आहे आणि दुसरे खाली मैदानातले.

डोंगरावरचे उत्तर म्हणजे विसावा. १८०३ च्या १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, आणि पुढे वीस वर्षांनी, १८२३ साली, हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने हे पठार इंग्रजांच्या नजरेस आणले असे सांगतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंची, थंड वारा, पुढे कॉफीची झाडे. वऱ्हाडचा वैशाख न सोसणाऱ्या साहेबलोकांना आणखी काय हवे होते! सरकारी गॅझेटियरांनी चिखलदऱ्याची नोंद वऱ्हाडचे आरोग्यधाम म्हणूनच केली. त्या काळच्या वैद्यकाचा स्वभावही असाच होता. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन हिल्टन याने १८६३ मध्ये आपली व्याख्याने ग्रंथरूपाने काढली. विश्रांती आणि वेदना हाच त्यांचा विषय होता. दुखऱ्या अवयवाला पूर्ण आराम द्या, निसर्ग त्याला बरे करील, असे त्याचे सांगणे. मोडलेले हाड किंवा सुजलेला सांधा यांच्यापुरते ते खरेही होते. पण शिष्य नेहमी गुरूच्या पुढे जातात. पुढच्या पिढ्यांनी विश्रांतीची अशी काही पूजा मांडली की रोगी आठवडेच्या आठवडे खाटेला खिळून राहू लागला, आणि आजार सरल्यावरही त्याला उठून उभे राहता येईना. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरने अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगणारा एक खोचक लेख लिहिला, तेव्हा कोठे त्या पूजेला उघड विरोध झाला.

मैदानातले उत्तर याच्या अगदी उलट. अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंच्या पुढाकाराने व्यायामाचे जे काम सुरू झाले, त्याचा विस्तार म्हणजे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या संस्थेच्या आधीही वऱ्हाडात तालमी होत्याच. लाल माती, तेल, ताक, हळद; मल्लखांब, मुद्गल, करेला, लोखंडी साखळीची लेझीम. तालमीतले उत्तर एका शब्दात सांगता येते : सोसा. पठ्ठ्याचा खांदा दुखला तर वस्ताद म्हणे, अजून शंभर जोर काढ, आपोआप मोकळा होईल. पुष्कळदा तो होईही. जेव्हा होत नसे तेव्हा तो पठ्ठा तालमीत दिसेनासा होई, आणि त्याची गोष्ट सांगायला कोणी उरत नसे. गामा पहिलवानाच्या हजारो बैठकांच्या कथा घरोघर पोहोचल्या. त्या संख्येचा पाठलाग करताना किती गुडघे गेले, याची बखर नाही.

पण तालमीवर एवढाच ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. चांगला वस्ताद पुष्कळदा हाडवैद्यही असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे त्याचे ठळक उदाहरण. ते मल्लविद्येचे आचार्य, आणि निखळलेला सांधा बसवण्यातही तितकेच नामांकित. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम काढून आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांनी क्ष-किरण लावून तपासले. ज्या हाताने पठ्ठ्याला घोळसायचे त्याच हाताने त्याचा खांदा जागेवर बसवायचा, हे एकाच माणसाकडे असल्यामुळे त्याला एक गोष्ट कळत असे, जी निव्वळ डॉक्टरला आणि निव्वळ पहिलवानाला कळत नाही : सांधा बसला म्हणजे काम संपले नाही, त्याच्याकडून पुन्हा काम करून घ्यायचे आहे. मात्र ही विद्या वस्तादाच्या बोटांत होती. तिला माप नव्हते, म्हणून ती त्याच्याबरोबर जाई.

आणि तरी माप आपल्याकडे होते. फार जुने होते. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा अध्याय आहे. हाडे कशी मोडतात, ती कशी बसवावी, बांबूच्या आणि झाडाच्या सालीच्या पट्ट्या कशा बांधाव्या, हे सारे तिथे येते. त्यात तळहाताच्या मोडलेल्या हाडाविषयी सांगताना आचार्य एक गोष्ट ओघात बोलून जातात. हात सांधल्यावर रोग्याने आधी मुठीत मातीचा गोळा धरावा. मग मिठाचा खडा. आणि हातात बळ आले म्हणजे पाषाण.

श्रोतेहो, हे वाक्य मला साऱ्या अध्यायापेक्षा मोलाचे वाटते. माती मऊ असते, मुठीला जशी हवी तशी दबते. मीठ त्याहून कठीण. पाषाण दबतच नाही. हात कधी चालवू नये असे सुश्रुत म्हणत नाही, आणि पहिल्याच दिवशी दगड उचल असेही म्हणत नाही. पुढची पायरी केव्हा चढायची याची खूणही तो देतो, ती म्हणजे हातात आलेले बळ. इतके दिवस झाले म्हणून दगड घ्या, असे तिथे नाही. याच ग्रंथात निरोगी माणसालाही आपल्या अर्ध्या बळानेच व्यायाम करायला सांगितले आहे, आणि अर्धे बळ म्हणजे किती तर श्वास तोंडाने चालू लागेल इतके, असा खुलासाही आहे. हे माप ज्याच्या त्याच्या शरीरातून काढलेले आहे. तालमीने पुढे ते सोडले आणि आकडा धरला. शंभर, पाचशे, हजार. आकडा सर्वांना सारखा असतो, शिकवायला सोपा असतो आणि त्याची फुशारकी मारता येते. वैद्याची पोथी वैद्याच्या घरी राहिली आणि पहिलवानाची माती तालमीत. दोघांची गाठ क्वचितच पडली, हे मला याचे खरे कारण वाटते.

आता थोडे लांब जाऊ, कारण अमरावतीचे लोकच तेथवर गेले होते. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू आणि भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली, हे वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर १९४९ मध्ये मंडळाचे पथक स्वीडनमध्ये स्टॉकहोमला लिंगियाडसाठी गेले, हे तितकेसे सांगितले जात नाही. ज्याच्या नावाने तो मेळावा भरे तो पेर हेन्रिक लिंग कोण होता? १७७६ साली जन्मलेला हा स्वीडिश कवी आणि तलवारबाज. त्याचा हात संधिवाताने जखडला होता. तलवारबाजी शिकत असताना तो हात हळूहळू सुटू लागला असे त्याच्या ध्यानात आले, आणि त्या अनुभवावरून त्याने शरीराच्या हालचालींचे एक शास्त्रच रचले. १८१३ मध्ये स्टॉकहोमला त्याची संस्था निघाली. त्याने व्यायामाचे जे चार विभाग केले, त्यांतला एक केवळ रोग्यांसाठी होता. म्हणजे ज्या स्वीडिश कवायतीचे वंशज आपल्या शाळांतून पोरे कंटाळून करतात, तिचा जन्म एका दुखऱ्या हातातून झाला! नंतर त्या कवायतीचेही तेच झाले, जे जोर-बैठकांचे झाले. सर्वांनी एका शिट्टीबरोबर हात वर करायचे. ज्याचा खांदा वर जात नाही त्याने रांगेबाहेर उभे राहायचे. लिंग स्वतः त्या रांगेत उभा राहिला असता तर त्यालाही बाहेर काढले असते.

माप परत आले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागोच्या एका लष्करी इस्पितळात गुडघे जायबंदी झालेले शेकड्यांनी सैनिक पडून होते. तेथल्या टॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरला लहानपणी सांधेताप झाला होता, आणि पुढे वजने उचलून त्याने आपले शरीर सावरले होते. तेव्हाची रीत अशी की दुखऱ्या पायाला हलके हलके, पण पुष्कळ वेळा हलवायचे. डिलॉर्मने उलट केले. लोखंडी तळ असलेला जोडा पायात अडकवून, बसल्या जागी गुडघा सरळ करायला लावला, आणि वजन दर आठवड्याला वाढवीत नेले. १९४५ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. १९४८ पर्यंत, वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर, त्याने रीत आणखी आटोपशीर केली. जे वजन दहाच वेळा उचलता येते, अकराव्यांदा येत नाही, ते शोधून काढा. आधी त्याचे निम्मे दहा वेळा, मग पाऊण दहा वेळा, मग पूर्ण दहा वेळा. दहा वेळा सहज उचलता येऊ लागले की नवे वजन शोधा. आज गावोगावच्या व्यायामशाळांत पोरे दहा-दहाचे तीन फेरे मारतात. हा आकडा जखमी शिपायांच्या खाटेवरून आला आहे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असेल. माती, मीठ, पाषाण. निम्मे, पाऊण, पूर्ण. डिलॉर्मने सुश्रुत वाचला होता असे मी म्हणत नाही. मोडलेल्या हाताकडे नीट पाहणाऱ्या दोन माणसांना एकच गोष्ट दिसली, एवढेच.

एक गमतीची भर येथेच घालतो. १८९४ साली येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या संशोधकाने माणसांना एकाच हाताने व्यायाम करायला लावला. काही दिवसांनी मोजले तर न वापरलेल्या हाताचेही बळ वाढलेले! कारण बळ केवळ मांसात नसते. ते मेंदू आणि मज्जा यांच्या आज्ञेतही असते. उजवा हात पट्टीत बांधलेला असला तरी डाव्याला कामाला लावावे, त्याचा वाटा उजव्याला मिळतो, असा याचा व्यवहारी अर्थ.

महाराष्ट्रात या सगळ्याची कसोटी एका जवानाच्या शरीरावर झाली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी मणक्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर निर्जीव झाले. मुष्टियोद्ध्याचे अर्धे बळ त्याच्या पायांत असते. तेव्हा मुष्टियुद्ध संपले. इस्पितळात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाण्यात शरीराचा भार पाणी वाहते, पायांची अडचण होत नाही, आणि ठोसे मारून कमावलेले खांदे आपोआप उपयोगी पडतात. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारा हा पहिला पॅरालिंपिकपटू. सरकारला त्यांची आठवण व्हायला मात्र वेळ लागला; पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. याच्या उलट खाशाबा जाधव आठवा. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक आणणारा हा मल्ल गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढच्या ऑलिंपिकला मुकला. त्या गुडघ्याला डिलॉर्मचा जोडा मिळाला असता तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण डिलॉर्मचा लेख तोवर निदान सात वर्षांचा जुना झाला होता, एवढे खरे.

इथे एक प्रश्न सुटा राहतो. दुखणे कितपत मानायचे? डोंगरावरचे उत्तर म्हणते, दुखले की थांबा. मैदानातले म्हणते, दुखले तरी थांबू नका. याचा निवाडा मला अमरावतीच्या वेशीवर सापडतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तेथे कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभे केले. त्याच सुमारास दक्षिणेत वेल्लोरला पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य कुष्ठरोग्यांच्या हातांचा अभ्यास करीत होते. बोटे रोगाने आपोआप गळून पडतात असा तोवरचा समज. ब्रँडांना आढळले की बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही, चीर कळत नाही, अवजाराची मूठ रुतते ते कळत नाही. म्हणून तोच हात रोज नव्याने जखमी होत राहतो आणि झिजतो. वेदना गेली की हात जातो. ती शत्रू नसून राखणदार आहे. पण राखणदार पुष्कळदा वाऱ्यालाही भुंकतो. जुन्या दुखापतीची वेदना तशीच असते. जखम भरून वर्षे लोटली तरी ती त्या वाटेवर पहारा देते. व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळले, तर ते वाऱ्यावरचे भुंकणे समजावे. दुसऱ्या दिवशी सांधा सुजला, किंवा कळ वाढत गेली, तर वजन किंवा वाकणे कमी करावे. मुंग्या येऊ लागल्या, हातापायातली शक्ती एकाएकी गेली, तर व्यायामाचे पुस्तक मिटून डॉक्टरकडे जावे.

वाकणे कमी करावे, हे मी मुद्दाम म्हटले. कारण आपल्याकडे व्यायाम बदलायचा म्हणजे आकडा कमी करायचा एवढेच लोकांना सुचते. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार जन्माने कर्नाटकातले. १९३७ पासून पुण्यात राहून त्यांनी आसने शिकवली. १९७९ साली स्कूटरच्या अपघातात त्यांचे खांदे, पाठीचा कणा आणि गुडघे दुखावले. तेव्हा त्यांची साठी उलटली होती. आजाऱ्यांसाठी ते लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या आणि दोर आधीपासूनच वापरीत. आता त्यांचीच पाळी आली. हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल तर जमीन ठोकळ्याने वर आणावी, ही त्यातली युक्ती. आसन तेच राहते. पुढे पस्तीस वर्षे, २०१४ पर्यंत, ते जगले आणि साधना करीत राहिले.

हीच युक्ती आपल्या जोर-बैठकांना लावता येते, आणि तिला ठोकळेही लागत नाहीत. खांदा दुखत असेल त्याने जोर भिंतीला हात टेकून काढावेत. मग ओट्याला. मग खाटेच्या कडेला, आणि जमेल तेव्हा जमिनीवर. जितके शरीर आडवे, तितका भार जास्त. बैठक काढताना मागे उंच स्टूल ठेवावे, बूड टेकले की उठावे; महिनाभराने त्या जागी खुर्ची ठेवावी, पुढे दोन पाट. मुद्गल फिरवताना कोपर खांद्याच्या वर जात नसेल तर न जाऊ द्यावे. खालच्या खाली झुलवलेला मुद्गलही मनगट आणि पाठ कमावतो. रुईच्या गाठी हलवणाऱ्या हमालांनी आणि डोक्यावर मोळी घेऊन मेळघाट उतरणाऱ्या बायांनी असले उपाय कोणी न शिकवता शोधले असतील. बदललेला खांदा, चुंबळीचा नवा बांध, थोडी हलकी मोळी. त्यांना व्यायाम सोडण्याची सोयच नव्हती, आणि त्यांचा इतिहास लिहायला कोणी बसले नाही.

आता राहिला हा डोंगर. उद्या आपल्यापैकी पुष्कळजण गाविलगड पाहायला जातील. चढताना दम लागेल, पण गुडघा बहुधा तक्रार करणार नाही. तो करील उतरताना. लोकांना याचे नवल वाटते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत शरीराचा भार रोखून धरतो, गाडीवान उतारावर बैलांना मागे ओढून धरतो तसा. या ओढून धरण्यात स्नायूला अधिक ताण पडतो आणि सवय नसेल तर दोन दिवस मांड्या भरून येतात. ज्याचा गुडघा जुना जायबंदी आहे त्याने उद्या काठी घ्यावी, पावले आखूड टाकावीत, उतार तिरका उतरावा. आणि घरी गेल्यावर जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहून, कठड्याला हात लावून, चांगला पाय तीन मोजेपर्यंत सावकाश जमिनीवर टेकवावा, म्हणजे तेवढा वेळ सारा भार दुखऱ्या पायाने धरलेला असेल. पायरी उंच वाटली तर खाली पाट ठेवावा. दहा वेळा, एक दिवसाआड. पंधरवड्याने पाट काढावा.